भिंतीवरचा नमुना

आमच्या इमारतीचा रंग कोणता, याबद्दल सोसायटीत तीन मतं आहेत. एकशे चारच्या मते क्रीम. चारशे दोनच्या मते पिस्ता. दोनशे एकचे काका शपथेवर सांगतात की रंग बदामी होता आणि काँट्रॅक्टरने तो दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर उरलेल्या डब्यांतून लावला होता. शेवटचं रंगकाम २००८ सालचं. इतिवृत्ताची वही उघडावी, तर 'रंगकाम समाधानकारक' एवढीच नोंद. रंगाचं नाव लिहायची गरज तेव्हाच्या सेक्रेटरीला वाटली नाही, कारण तेव्हा तो दिसत होता.

(आमच्याकडे माणसांना आडनावं आहेत, पण ती दारावरच्या पाटीपुरती. बोलताना फ्लॅटचा नंबर चालतो. 'तीनशे चारला मुलगा झाला', 'एकशे दोनने पुन्हा मेंटेनन्स थकवला', असं आम्ही बिनदिक्कत म्हणतो. मी तीनशे तीन.)

खरं तर वाद मिटवायला भिंतीकडे बघणं पुरेसं होतं. पण सतरा वर्षांत भिंतीवर इतकं काही येऊन बसलं होतं, की खाली रंग आहे की नुसताच गिलावा, तेच कळेना. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं आणि रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटं अशा अंतरावर आमची ही चार मजली, सोळा बिऱ्हाडांची इमारत उभी आहे. रिक्षावाले तिला 'काळी बिल्डिंग' म्हणतात. मोबाइलवरून जेवण मागवलं की मुलगा खालून फोन करतो, "साहेब, ती काळे ओघळ आलेली, तीच ना?" आपण "हो, तीच" म्हणतो आणि बिर्याणी वर येते. पत्ता म्हणून डाग फार सोयीचे होते.

या सोयीत बिब्बा घातला चारशे चारने. त्यांना फ्लॅट विकायचा होता. एजंटने फोटो पूर्वेकडून काढले, गिऱ्हाईक नेमकं पश्चिमेकडून आलं. गेटपाशी थांबून त्याने मान वर केली, खाली केली आणि वॉचमनला विचारलं, "ही अजून किती वर्षं टिकेल?" वॉचमन म्हणाला, "मला काय माहीत? मी मार्चपर्यंतच आहे." गिऱ्हाईक जिना न चढताच परत गेलं.

त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्यांदाच सुप्रभात आणि श्रद्धांजली सोडून तिसऱ्या विषयावर चर्चा झाली. रविवारी सभा भरली. भिंतीच्या डागांचा अभ्यास करायला एक माणूस नेमायचं ठरलं. मी सभेला गैरहजर होतो, म्हणून माझी एकमताने निवड झाली.

मग एका सकाळी मी वही-पेन घेऊन समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो आणि गच्चीपासून खाली भिंत वाचत आलो. इतकी वर्षं मी त्या भिंतीच्या आत राहतोय, पण समोर उभं राहून तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. वाचत आलो म्हणतो ते उगाच नाही. जवळजवळ प्रत्येक डागाखाली सही होती. चारशे एकच्या खिडकीचे लोखंडी गज थेट भिंतीत गाडलेले; त्यांच्या टोकांपासून गंजाचे तांबडे ओघळ निघून खालच्या मजल्यापर्यंत आलेले, काजळ ओघळावं तसे. तीनशे दोनच्या एसीची नळी हवेत सोडलेली. दमट हवेत एसी तासाला लिटरभर पाणी सहज गाळतो आणि ते पाणी ज्या वाटेने उतरतं तिथे हिरवी पट्टी उगवते. एप्रिलच्या उन्हात अख्खं डोंबिवली करपलेलं असताना ती पट्टी भाताच्या रोपासारखी हिरवीगार होती. तिच्या शेजारी तशीच दुसरी पट्टी. ती कुठून येते म्हणून वर बघत गेलो, तर माझ्याच बेडरूमची खिडकी आली. वहीत मी लिहिलं, 'पट्टी क्रमांक दोन : स्रोत अनिश्चित.'

सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात एक पिंपळ होता, कमरेएवढा. पक्ष्यांनी टाकलेलं बी, पाइपाची गळती आणि सोसायटीची दिरंगाई एवढ्या खतावर तो वाढला होता. काढायचा विषय निघाला तसं चारशे तीनच्या काकूंनी कानांवर हात ठेवले.

"पिंपळावर मुंजा असतो. हात लावायचा नाही."

"अहो काकू, एवढ्याशा पिंपळावर मुंजा कसा मावेल?" चारशे दोनने विचारलं.

"लहान मुलगाच असतो तो," काकू म्हणाल्या. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. पिंपळ अजून आहे.

जोत्याच्या वर हातभर पांढरी भुकटी फुटली होती. हा लोणा. विटांतले, सिमेंटमधले, वाळूतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर बसून राहतात. आमच्या भागात एके काळी खाडीची रेती सर्रास वापरली जायची, त्यामुळे हा पाहुणा घरोघरी. दोनशे एकच्या काकांनी बोटावर घेऊन चाटून पाहिला आणि "खारट आहे" असा निकाल दिला. त्यांना बीपी आहे. काकूंनी वरून खिडकीतून ओरडून त्यांना आत बोलावलं. लोण्याची गंमत अशी की आपण तो दिसला रे दिसला की बादलीभर पाणी मारतो. क्षार विरघळतात, भिंतीत परत शिरतात आणि आठवड्याने ताजेतवाने होऊन बाहेर येतात. तो सुका असताना सुक्या ब्रशने झाडून टाकावा लागतो. आमचा वॉचमन गेली तीन वर्षं रोज सकाळी झाडांबरोबर लोण्यालाही पाणी घालत होता.

जिन्याच्या खिडकीखालचा लाल फवारा कुणाच्या मुखातून आला, हे सगळ्यांना माहीत आहे. इतिवृत्तात ते कधीच येणार नाही.

राहिला तो काळा रंग, ज्याने आम्हाला नाव मिळवून दिलं. मी त्याला धूळ आणि रिक्षांचा धूर समजत होतो. थोडा असेलही. पण पुस्तकं चाळल्यावर कळलं की बाहेरच्या भिंतीवरचं हे काळं बहुतेक वेळा जिवंत असतं. नील-हरित शैवाल नावाचे हे अतिसूक्ष्म जीव. उन्हापासून बचाव म्हणून ते स्वतःभोवती गडद रंगद्रव्य तयार करतात, म्हणजे कोकणातली बाई पावसात शेतात जाताना डोक्यावर इरलं घेते तसं काहीसं. उन्हाळ्यात वाळून पापडासारखे काळे होऊन पडून राहायचं आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरवं व्हायचं. म्हणजे आमची भिंत मळलेली नव्हती. तिच्यावर वस्ती झाली होती. आणि ही मंडळी सतरा वर्षं ना मेंटेनन्स, ना शेअर सर्टिफिकेट, ना नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, अशी सुखाने नांदत होती. हे मी कमिटीला सांगितलं तेव्हा खजिनदारांचा चेहरा, थकबाकीदार सापडावा पण पत्ता मिळू नये, तसा झाला.

वस्ती पश्चिमेलाच का, तर पाऊस तिकडून येतो. नैऋत्येचे वारे जूनमध्ये सुरू झाले की आमची पश्चिमेची भिंत जी भिजते ती गणपतीपर्यंत वाळत नाही. पूर्वेला सकाळचं ऊन लागतं, त्यामुळे ती बाजू त्या मानाने बरी. हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझ्या आजोळी मृग लागायच्या आत माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं भिंतीला बांधायचे. वाऱ्याच्या बाजूला दाट, मागच्या बाजूला नावाला. घराला इरलं चढवून माणसं आत निर्धास्त. तरी खालची हातभर भिंत तांबड्या मातीच्या शिंतोड्यांनी रंगायचीच. पाऊस सरला की झापं चुलीत आणि भिंतीला चुन्याचा हात, त्यात चिमूटभर नीळ. चुना मुळातच इतका तिखट की शेवाळ त्याच्या वाऱ्याला उभं राहत नाही. हे सगळं आजी आणि एक गडी मिळून दोन दिवसांत उरकायचे. आम्ही आता झापांच्या जागी निळी ताडपत्री बांधतो, तीही गळायला लागल्यावर, आणि ती काढायचा ठराव पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवतो.

आजीला एक फायदा होता. तिच्या घराला उपविधी नव्हते. आमच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीची बाहेरची भिंत, तिच्यातून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरचे सामाईक पाइप ही सोसायटीची जबाबदारी. संडास-मोरी, सिंक यांतून होणारी आतली गळती ज्याची त्याने बघायची. एवढ्या एका ओळीने डोंबिवलीतली किती मैत्री संपली असेल, देव जाणे. कारण भिंतीवर ओल दिसली की सभासद म्हणतो पाणी बाहेरून आत आलं आणि कमिटी म्हणते आतून बाहेर गेलं. पाण्याने उपविधी वाचलेले नसतात. ते एकशे तीनच्या छतातून दिसतं आणि निघालेलं असतं चारशे दोनच्या मोरीतून, मधल्या मजल्यांना न विचारता.

पैशांचंही तसंच. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड पाव टक्का. आता आमचा बांधकाम खर्च १९९४ सालचा, फ्लॅटमागे दोन लाख धरलेला. म्हणजे दुरुस्ती निधी फ्लॅटमागे वर्षाला दीड हजार, सोळा बिऱ्हाडांचे मिळून चोवीस हजार. त्यातले निम्मे पाण्याचा पंप खातो. भिंत धुऊन रंगवायचं पहिलं कोटेशन आलं नऊ लाख चाळीस हजारांचं. खजिनदारांनी कॅल्क्युलेटर काढला. पंप मेला असं धरलं तरी एकोणचाळीस वर्षं लागतात. "तोपर्यंत रीडेव्हलपमेंट होईल," कुणीतरी म्हणालं आणि सभेत एकदम प्रसन्न वातावरण पसरलं. आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंट हा मोक्षासारखा विषय आहे. त्याच्या आशेवर पंख्याचं बटणसुद्धा कुणी बदलत नाही.

तरीही सूचनांची कमतरता नव्हती. दोनशे तीन ताजमहालाला जाऊन आले होते.

"ताजला मुलतानी माती लावतात. पुरातत्त्व खातं स्वतः लावतं. फोटो आहेत माझ्याकडे."

हे खोटं नाही. संगमरवरावर बसलेला पिवळेपणा शोषून घ्यायला मातीचा लेप देतात, झाकून वाळू देतात, मग शुद्ध पाण्याने धुतात. आणि ही प्रथा १९९४ सालची. दोनशे तीनने याचं भांडवल केलं. ज्या वर्षी ताजला पहिला लेप बसला त्याच वर्षी आमच्या इमारतीला ताबापत्र मिळालं, तेव्हा दोघांचं वय एकच समजायला हरकत नाही, असा काहीसा तो युक्तिवाद होता. ताजचं वय मध्येच साडेतीनशे वर्षांनी कमी झालं, पण सभेत कुणी हरकत घेतली नाही. तीनशे एकच्या वहिनींनी मात्र भिंतीचं क्षेत्रफळ विचारलं, मनात गुणाकार केला आणि "एवढी माती मुलतानात तरी असेल का?" असं म्हणून विषय संपवला. शिवाय माती मळ शोषते. शेवाळाला ती लावली तर ते तिच्यात मुळा पेरल्यासारखं माजेल.

चारशे दोन नुकतेच गोव्याहून आले होते. त्यांना प्लास्टरच नको होतं. "सरळ खरवडून टाका. जुन्या गोव्याचं ते चर्च बघा, बॉम जीझस. काय दगडी रुबाब आहे!" आता त्या चर्चची गोष्ट नेमकी उलटी आहे. १६०५ साली पूर्ण झालेली ती वास्तू शतकानुशतकं चुन्याच्या गिलाव्यात होती. १९५०च्या दशकात पोर्तुगीजांनी बाहेरचा गिलावा काढला, कारण उघडा दगड जास्त पुरातन दिसतो. आत जांभा. जांभ्याला पावसात उघडं ठेवलं की तो झिजतो, हे देवगडच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. सत्तर वर्षं झाली, त्या उघड्या दगडाची काळजी अजून मिटलेली नाही. मी एवढं सगळं सांगून शेवटी म्हणालो, "आणि आपल्या गिलाव्याखाली जांभाही नाही. कल्याणच्या भट्टीची वीट आहे आणि बिल्डरची नियत आहे. दोन्ही झाकलेलीच बरी."

कोटेशनवाले तिघे आले. पहिला ॲसिडवाला. "ॲसिड मारतो साहेब. तासाभरात भिंत दूध." त्याने खिशातून बाटली काढून गेटजवळच्या कट्ट्यावर दोन थेंब टाकूनही दाखवले. फसफसलं, धूर निघाला आणि खरंच पांढरं झालं. अर्थात होणारच. ॲसिड डाग खात नाही, डागाखालचं सिमेंट खातं. खालचा मालक पडला की त्याच्याबरोबर भाडेकरूही पडतो. आणि ते फटीतून आत झिरपलं की लोखंडी सळया गंजवतं, ते वेगळंच. कट्ट्यावर अजून तो खळगा आहे. दोनशे एकचे काका त्यात काडेपेटी ठेवतात.

दुसऱ्याने प्रेशरचं मशीन दाखवलं. पिस्तुलासारखं. मोबाइलमध्ये व्हिडिओ होता, काळी भिंत मशीन फिरेल तशी उजळत जाते. बघत राहावं असा. आमच्यातल्या पुरुष मंडळींनी तो चार वेळा पाहिला. एकशे दोनने "मी थोडा वेळ चालवून बघू शकतो ना?" असंही विचारलं. पण आमच्या भिंतीला जेवढ्या भेगा, तेवढ्या तोट्या. बाहेरून मारलेला जोराचा फवारा तीनशे चारच्या कपाटात निघाला असता, तेही बाळाच्या दुपट्यांवर.

तिसरे आले ते पेंटरमामा. साठीचे, मूळचे खेडचे, पायात रंगाच्या ठिपक्यांची चप्पल. यांनी कुठलंही यंत्र आणलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून ते भिंतीकडे इतका वेळ बघत राहिले की आम्हीही नकळत कमरेवर हात ठेवून उभे राहिलो.

"एक नमुना करून दाखवतो," ते म्हणाले. "पैसे नकोत."

या 'पैसे नकोत'ने आमचा घात केला.

मामांनी गेटच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, खडूने तीन फूट बाय तीन फुटांचा चौकोन आखला. ब्लीचिंग पावडरचं पाणी केलं, ब्रशने लावलं आणि बिडी ओढायला बसले. वीस मिनिटं काही नाही. "मरू द्या आधी," मामा म्हणाले. "जिवंतपणी घासलं तर दोन महिन्यांत परत येतं." मग नायलॉनच्या ब्रशने घासलं, वर साधं पाणी. काळं पाणी ओघळून गटारात गेलं आणि चौकोनातून रंग वर आला.

गुलाबी.

फिकट, बडीशेपेच्या गोळीसारखा गुलाबी. जमलेल्या अकरा माणसांत सन्नाटा पसरला. क्रीमवाले, पिस्तावाले, बदामीवाले, सगळे एकाच वेळी हरले होते. एकशे चार जरा वेळाने म्हणाले, "ब्लीचिंगने रंग बदलला असणार." दोनशे एकच्या काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बदामाचं फूल," ते म्हणाले. "बदामाचं फूल गुलाबी असतं. मी बदामी म्हणायचो ते त्या अर्थाने."

मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वर पहिल्या मजल्याच्या छज्ज्याकडे बघत होते.

"इथे खाच होती," ते म्हणाले.

"कसली खाच?"

"छज्ज्याच्या पोटाला, कडेशी. बोटभर. बांधतानाच ठेवतात. पावसाचं पाणी छज्ज्यावरून खाली वळतं, खाचेपाशी आलं की पुढे जाऊ शकत नाही, तिथूनच सुटून खाली पडतं. पागोळीसारखं. खाच नसली की तेच पाणी छज्ज्याच्या पोटाखालून सरपटत भिंतीवर येतं आणि भिंतीवरून खाली. तुमचा सगळा काळा पट्टा त्याच वाटेने आलाय. बघा, प्रत्येक खिडकीच्या दोन बाजूंना." त्यांनी शिडी लावली, खिशातली पत्री काढून छज्ज्याच्या पोटाला खरवडलं. पांढरी ढेकळं पडली. "लांबी भरलीय. मागच्या पेंटरने बुजवली."

"मूर्ख!" चेअरमन उसळले. "कोण होता तो पेंटर?"

"पेंटर स्वतःच्या मनाने लांबी भरत नाही साहेब," मामा शिडीवरूनच शांतपणे म्हणाले. "लांबीला पैसे लागतात. कुणीतरी सांगितलं असणार."

वही काढण्यात आली. २००८ सालचं इतिवृत्त. ठराव क्रमांक सात : 'छज्ज्यांच्या खालच्या बाजूस खाचा असल्याने फिनिशिंग बरे दिसत नाही. सदर खाचा लांबीने बुजवून गुळगुळीत करून घ्याव्यात. एकमताने मंजूर.' खाली सेक्रेटरीची सही. अक्षर माझं आहे. मला तो दिवसही आठवतो. मी स्वतः पेंटरच्या मागे लागून कडा हाताने चाचपून पाहिल्या होत्या आणि गुळगुळीत झाल्या म्हणून त्याला वर शंभर रुपये दिले होते.

वही मी मिटली आणि म्हणालो, "झालं गेलं. आता पुढचं बघू." या वाक्याला सभेत नेहमी टाळ्या मिळतात. त्या दिवशी मिळाल्या नाहीत.

मामांचा हिशेब सरळ होता. आधी खाचा मोकळ्या करायच्या, एसीच्या नळ्या पाइपात सोडायच्या (इथे त्यांनी माझ्या खिडकीकडे का पाहिलं ते मला कळलं नाही), भेगा भरायच्या, पिंपळाचं मुळासकट बघायचं, शेवाळ मारून धुवायचं, भिंत चांगली वाळू द्यायची आणि मग प्राइमर आणि रंगाचे दोन हात. परांची बांधून सहा आठवडे. एकूण सात लाख दहा हजार. "पण पावसाच्या आत," ते म्हणाले. "ओल्या भिंतीवर मी रंग लावत नाही."

तोवर चौकोनाने आपलं काम सुरू केलं होतं. आधी भिंत काळी होती, पण सगळी सारखी काळी होती. डोळ्याला सवय झाली होती. आता त्या एका स्वच्छ गुलाबी चौकोनामुळे बाकीची भिंत एकदम लाजिरवाणी दिसायला लागली. आणि गंमत म्हणजे, येणारा-जाणारा चौकोनाकडेच बोट दाखवून विचारायचा, "हा डाग कसला हो पडलाय?" पोरांनी त्याच्यावर तीन उभ्या रेघा ओढून स्टंप केले. टेनिसचा बॉल चौकोनात लागला की आऊट, काळ्यावर लागला की वाइड. शिकवणीच्या जाहिराती याआधी आमच्या भिंतीवर कुणी चिकटवत नसे, वाचणार कोण म्हणून. आता दहावी गणित, कथ्थक आणि 'पितळी भांडी विकत घेतो' हे तिघे त्या चौकोनात जागेसाठी भांडत होते. जेवण आणणारा मुलगा फोनवर विचारायला लागला, "साहेब, ते गुलाबी खिडकी काढलेलं घर ना?"

कमिटीने वर्गणीसाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. नोटिशीला पाच दिवस हवेत, एका नोटिशीत तारीख चुकली, एकदा चेअरमनच्या मेव्हण्याचं लग्न आलं. असं करता करता सभा पडली २५ मे २०२५ ला, रविवारी. वाद चार तास चालला. पश्चिमेच्या फ्लॅटवाल्यांनी जास्त द्यावं, असं पूर्वेचे म्हणाले. डाग आम्हाला दिसतच नाहीत, आम्ही तर आत राहतो, असं पश्चिमेचे म्हणाले. रंग गुलाबी ठेवायचा की बदलायचा, यावर चहा दोनदा झाला. अखेर फ्लॅटमागे पंचेचाळीस हजार, दोन हप्त्यांत, असा ठराव साडेनऊला मंजूर झाला. मान्सून मुंबईला ११ जूनच्या सुमारास येतो, तोवर निदान परांची बांधून खाचा तरी मोकळ्या होतील, बाकीचं दिवाळीआधी, असं मी सगळ्यांना पटवून दिलं. माणसं समाधानाने घरी गेली.

२६ मेला सकाळी मान्सून मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो याआधी आल्याची नोंद नाही, असं हवामान खात्याने सांगितलं. हवामान खात्याला आमच्या सभेची कल्पना नसावी.

मामा अर्धे बांबू घेऊन आले, गेटपाशी उभे राहिले, वर बघितलं आणि छत्री न उघडताच परत फिरले. "दसऱ्याला बघू," म्हणाले.

पण चौकोनाचं काय करायचं? पावसाळाभर तो तसाच राहणार आणि चारशे चारला तर पुन्हा गिऱ्हाईक येणार होतं. मग जुलैच्या मासिक सभेत एकशे चारने जी सूचना मांडली तिला मी आमच्या सोसायटीच्या इतिहासातली सर्वोच्च सूचना मानतो. चौकोन पुन्हा काळा करून घ्यावा. म्हणजे भिंत एकसारखी दिसेल. मामांना फोन लावला, स्पीकरवर.

"काळा करायचा?" मामांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. "करू की. पण नुसता काळा फासून चालणार नाही. बाजूचा कसा आहे, मध्ये हिरवट, वरून राखाडी, ओघळ उतरलेले. तसा मेळ घालायचा म्हणजे तीन शेड लागतील. हात कारागिराचा लागेल. धुण्यापेक्षा डाग मारायचा रेट जास्त असतो साहेब."

"किती?"

मामांनी आकडा सांगितला. खजिनदारांनी फोन कट केला. 'चौकोन नैसर्गिकरीत्या पूर्ववत होण्याची वाट पाहावी', असा ठराव एकमताने झाला. सेक्रेटरीने तो लिहून घेतला. सेक्रेटरी आता मी नाही, एवढंच समाधान.

तेव्हापासून दोनशे एकचे काका रोज सकाळी दूध आणायला जाताना चौकोनापाशी थांबतात. जाहिराती पावसाने गळून पडल्या आहेत, स्टंपांच्या रेघा पुसल्या आहेत. काल मीही भाजी घेऊन येत होतो. काका छत्री मानेत अडकवून, दोन्ही हातांनी चष्मा धरून भिंतीला नाक लावून उभे होते. माझी चाहूल लागली तसे वळले. त्यांचा चेहरा, नातवाला दात फुटल्याचं सांगताना असतो तसा झाला होता.

"डावा कोपरा बघ," ते म्हणाले. "धरलाय बरं का."